ऑगस्टचा रिकामा रकाना

आर्विड हौगेन खारी मोजायचा. ब्रेनफील्डमध्ये त्याची ओळख करून द्यायला एवढं पुरे होतं.

गहू, मसूर आणि कुरणांचा तो उघडा मुलूख. बाकीची माणसं पाऊस मोजत, वासरं मोजत. आर्विड पिकअपच्या टपावर कोपरं टेकून दुर्बिणीतून गोफर मोजत उभा असे. गोफर म्हणजे बिळात राहणारी मातकट पिवळी खार. ती झाडावर चढत नाही. बिळाच्या तोंडाशी खुंटीसारखी उभी राहते, शिट्टी घालते आणि डोळ्यांदेखत नाहीशी होते. एका कुरणात दीडशे झाल्या की गाईंना गवत उरत नाही. कोरड्या वर्षी तर अख्खं कुरण खरूज झालेल्या कुत्र्यासारखं दिसतं.

आर्विड उंच होता, जरासा पुढे वाकलेला. बोलायला सावकाश. प्रश्न विचारला की तो आधी नाक पुसायचा, मग उत्तर द्यायचा. त्याची बायको डोरीन म्हणायची, "याला वेळ विचारली तर घड्याळाला किल्ली देऊन येतो." ती होती तोवर पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसायची. तो आकडा सांगायचा, ती वहीत लिहायची. ती गेल्यावर सहा वर्षं तो स्वतःच लिहीत होता. वहीत तेवढी एकच खूण दिसते. अक्षर बदललेलं.

गोफरांशी त्याचं वैर जन्मापासूनचं. लहानपणी तो सुतळीचा फास बिळावर लावून पालथा पडून राहायचा. शेपट्या तंबाखूच्या डब्यात साठायच्या. सोमवारी शिक्षिका त्या मोजून घेत आणि शेपटीमागे एक सेंट देत. त्याचे वडील घोडागाडीवर पिंप घालून बिळांत पाणी ओतायचे. पुढे पंपाने बिळात भुकटी मारायची पद्धत आली. तिचा वायू व्हायचा. वारा फिरला तर तो मारणाऱ्याच्याच नाकात जायचा. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मग आले कुचल्याचं विष लावलेले ओटचे दाणे. लाल रंगाचे, चमचाभर, बिळाच्या आत टाकायचे. सगळ्यांना वाटलं, आता झालं.

पण खारी होत्या तिथेच होत्या.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ग्रामपालिकेने त्याला कीड-अधिकारी नेमलं. काम अर्धवेळ. कोठारांत उंदीर बघायचे, बांधावर टोळांची अंडी तपासायची आणि गोफरांचा बंदोबस्त करायचा. त्याच हिवाळ्यात सभेत वेंडेल स्ट्रॉम आणि आणखी एकाची जुंपली. वेंडेल म्हणे विष. दुसरा म्हणे सापळे. वेंडेलचा शेजारी क्लेम वीब मागच्या बाकावरून म्हणाला, "बॅजर आले तर त्यांना राहू द्या. ते उकरून खातात." सगळे हसले. बॅजर म्हणजे लांब नखांचं, ठेंगणं जनावर, आणि त्याने उकरलेल्या खड्ड्यात गाईचा पाय मोडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आर्विडने नाक पुसलं आणि म्हणाला, "मोजून बघू या की."

तिथून सुरू झालं ते बावीस वर्षं चाललं.

चार कुरणं ठरली. वेंडेलच्या कुरणात विष. ग्रामपालिकेच्या पडीक तुकड्यात सापळे आणि बंदूक. क्लेमच्या कुरणात बॅजरना अभय, आणि गवत उंच ठेवायचं, कारण उंच गवतात गोफरला लांबचं दिसत नाही आणि ती तिथे रमत नाही. चौथं कुरण आर्विडचं स्वतःचं. तिथे काहीच करायचं नाही. एक जागा हात न लावलेली हवी, नाहीतर बाकीच्यांची तुलना करायची कशाशी, असं त्याने कुठल्याशा कृषी-पत्रकात वाचलं होतं.

"दुसऱ्यांच्या रानात औषध, आणि घरच्या रानात पाळणाघर," वेंडेल म्हणायचा.

"पाळणाघर तरी आहे," आर्विड म्हणायचा. "तुझ्याकडे नुसतं स्मशान."

मोजायची रीत पक्की होती. वारा नसलेली सकाळ. दहा-दहा मिनिटांनी तीनदा मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. शिवाय चाळीस बिळं फावड्याने बुजवून, शेजारी खुंट्या मारून दोन दिवसांनी बघायचं. जी पुन्हा उकरलेली, ती जिवंत. जी तशीच बुजलेली, त्यांच्यापुढे वहीत फुली.

आता हे कधी करायचं, ते शेतीच्या कामांवर ठरे. एप्रिलमध्ये आर्विड मोकळा असे, म्हणून एप्रिलमध्ये एकदा मोजून सापळे लागत आणि मेच्या शेवटी पुन्हा मोजणी होई. मे महिना पेरणीचा. तेव्हा वेंडेलला श्वास घ्यायला फुरसत नसे. विष टाकायला माणसं मिळत ती पेरणी, फवारणी उरकल्यावर, जुलैच्या मध्यावर. म्हणून विषाच्या कुरणात पहिली मोजणी मेअखेर आणि दुसरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सगळे असंच करत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आकडे दर वर्षी तेच सांगत. विष टाकलं की दीडशेच्या तीस उरत. सापळे लावले की ऐंशीच्या शंभर होत, कारण मे महिन्यात पिल्लं वर येत. लोक म्हणत, "आर्विड सापळ्यात खायला घालतो वाटतं." क्लेमच्या कुरणात पहिली काही वर्षं आकडा हळूहळू उतरला. मग एका उन्हाळ्यात वेंडेलच्या कुंपणालगत बॅजरची मादी मेलेली सापडली. तोंडाला फेस, पाय ताठ. विषाने मेलेली खार तिने खाल्ली होती. पाठोपाठ क्लेमची कुत्री मॉलीही तशीच गेली. आर्विडने क्लेमबरोबर तिला पुरलं. दोघांनी आळीपाळीने फावडं चालवलं. घरी येऊन आर्विडने वहीत लिहिलं, "बॅजर नाहीत. ही पद्धत टिकत नाही."

हे वाक्य त्याच्या हातचं आहे. ते नंतर त्याला फार छळणार होतं.

दर फेब्रुवारीत तो सभेत उभा राहून आकडे वाचायचा. विष, ऐंशी टक्के. मग ग्रामपालिका विषाचे ओट मागवायची. मोजणीच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तालुक्यातल्या बहुतेक कुरणांत जुलैत विष पडत होतं, ते आर्विडच्या शब्दावर. वेंडेल त्याची थट्टा करी, पण परक्या माणसासमोर सांगे, "आमच्याकडे आर्विड आहे. तो अंदाजाने बोलत नाही."

बाविसाव्या वर्षी बातमी आली की सरकार हे विष बंद करणार. बाहेरच्या लोकांचं म्हणणं, त्याने ससाणे मरतात, कोल्हे मरतात, बिळातली घुबडं मरतात. त्या वर्षी पाऊसही नव्हता. कुरणं उन्हाळ्याआधीच बोडकी झाली होती. ग्रामपालिकेच्या अध्यक्ष व्हर्ना ओलिनिक यांनी आर्विडला बोलावून घेतलं.

"तुझ्या वह्या दे," व्हर्ना म्हणाली. "बावीस वर्षांचे आकडे. असे आकडे अख्ख्या प्रांतात कुणाकडे नसतील. सप्टेंबरअखेर सरकारला पाठवायचेत."

"माझ्या वह्यांत कॉफीचे डाग आहेत."

"ओडेट टंकून घेईल. डाग सोडून."

ओडेट कार्यालयात नुकतीच लागली होती. साहित्य शिकून आली होती आणि आता कुत्र्यांचे परवाने आणि रस्त्याच्या खडीचे अर्ज हाताळत होती. तिने वह्या टंकायला महिना घेतला. जुलैअखेरीस तिने आर्विडला बोलावलं आणि पडद्यावरचा तक्ता दाखवला. चार कुरणं, बावीस वर्षं. सगळं भरलेलं, एक रकाना सोडून.

"मिस्टर हौगेन, इथे काय घालू?"

"कुठे?"

"तुमच्या स्वतःच्या कुरणाचा ऑगस्टचा आकडा. एकदाही लिहिलेला नाही."

"तिथे काही केलंच नाही, तर नंतरचं काय मोजायचं? मे महिन्यात मोजलंय की."

"मग रेघ मारू?"

"मार."

तिने रकान्यावरून बोट फिरवलं. "बावीस रेघा वाईट दिसतील. यंदाचा एक तरी आकडा द्या ना. ऑगस्ट लागतोच आहे."

"दिसण्यासाठी मोजू?"

"हो," ती म्हणाली. "दिसण्यासाठीच."

तो हसला. जाता जाता म्हणाला, "पोरी, तू गोफरांच्या धंद्यात उशिरा आलीस."

ऑगस्टच्या चार तारखेला त्याने स्वतःचं कुरण मोजलं. पहिल्यांदा सव्वीस. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा अठ्ठावीस. त्याला वाटलं, वर ससाणा असेल. त्याने आकाश पाहिलं. ससाणा नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेला. एकोणतीस. मे महिन्यात याच कुरणात एकशे अठ्ठेचाळीस होत्या.

त्याने चाळीस बिळं बुजवली. दोन दिवसांनी नऊ उकरलेली होती. एकतीस तशीच.

त्याच आठवड्यात वेंडेलच्या कुरणात, जुलैत विष टाकलेल्या, आकडा आला होता एकोणतीस.

आर्विड पिकअपमध्ये बसून राहिला. इंजिन बंद. खिडकी उघडी. एखादी शिट्टी ऐकू येत होती, मग बराच वेळ काही नाही. या मुलखात लहानाचा मोठा झालेला कुणीही सांगेल की थोराड खारी उन्हाळा संपायच्या आधीच जमिनीखाली झोपायला जातात, नर आधी, माद्या मागून, आणि शेवटी शेवटी नुसती त्या वर्षीची पिल्लं दिसतात. आर्विडही हे सांगायचा. शाळेत मुलांना सांगायला जायचा. फक्त वहीशी त्याने ते कधी जोडलं नव्हतं.

दुपारी क्लेम कुंपण तपासत आला तेव्हा आर्विड कंबरेइतक्या खड्ड्यात उभा होता.

"थडगं खणतोयस का रे म्हाताऱ्या?" क्लेम म्हणाला. "आधी माप तरी घ्यायचंस. तू यात मावणार नाहीस."

"फावडं आण."

"काय हरवलंय?"

"आणतोस का?"

क्लेमने फावडं आणलं. दोघांची मिळून वयं एकशे चव्वेचाळीस. पाळीपाळीने खणलं. बुजवलेल्या बिळाचा मार्ग वाकडातिकडा खाली गेला होता. एके ठिकाणी आतून मातीनेच लिंपून बंद केलेला होता. त्याच्या पलीकडे गवताने भरलेली वाटीएवढी जागा. त्यात खार होती. शेपटी डोक्यावर घेऊन चेंडूसारखी वळलेली.

"मेलीय," क्लेम म्हणाला.

आर्विडने ती तळहातावर घेतली. ती मातीइतकी गार होती. डोळे मिटलेले. त्याने अंगठा तिच्या छातीवर ठेवला आणि थांबला. क्लेम काही तरी बोलायला गेला, त्याने मान हलवून त्याला गप्प केलं. बराच वेळ गेला. मग अंगठ्याखाली एक ठोका लागला. परत काही नाही. मग आणखी एक.

"जिवंत आहे."

"बरं मग," क्लेम म्हणाला. "झोपलीय. त्यात काय?"

आर्विडने त्याला सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. बुजवलेलं बीळ उघडलं नाही की मी फुली मारत होतो. बावीस वर्षं. वेंडेलच्या कुरणात ऑगस्टमध्ये ज्या मेल्या म्हणून लिहिल्या, त्यांतल्या किती मेल्या आणि किती अशा खाली होत्या, ते मला माहीत नाही. माझ्या कुरणात काही न करता तेवढ्याच कमी झाल्यात.

क्लेम खड्ड्याच्या काठावर बसला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"म्हणजे विषाने काहीच होत नव्हतं?"

"होत असेल. थोडं. जास्त. मला माहीत नाही, क्लेम. तेच तर सांगतोय."

"आणि माझे बॅजर?"

आर्विडने खार गवतासकट परत ठेवली आणि हातांनी माती लोटली. ती आता जगणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या माणसाने आयुष्यात हजारो मारल्या, तो त्या एकीवर माती किती हलक्या हाताने लोटत होता, हे क्लेमने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

आठ दिवसांनी तो व्हर्नाकडे गेला. तिच्या स्वयंपाकघरात काकड्यांचं लोणचं घालणं चाललं होतं. बरण्या उकळत होत्या. शेपूचा वास भरला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हा एका वर्षाचा आकडा आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"त्यातून दुष्काळाचं वर्ष. गवत नाही, म्हणून लवकर झोपल्या असतील."

"असेल."

"मग बावीस वर्षांपुढे एक वर्ष काय आहे? तूच म्हणतोस, एका मोजणीवरून काही ठरवू नये."

"म्हणतो."

"आर्विड, मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. तो रकाना रिकामा होता, रिकामा राहू दे. विष गेलं तर पुढच्या वर्षी निम्मी माणसं गाई विकतील. तुला माहीत आहे."

ती खरं बोलत होती. हीच तर अडचण होती. आर्विड घरी आला आणि दहा दिवस त्याने काही केलं नाही. त्याला कुणी फसवायला सांगत नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्याला आयुष्यभर जमलं होतं. त्याच्याकडे मोठी जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं, चर्चमध्ये गाताना त्याचा आवाज लागत नसे. त्याच्याकडे एक गोष्ट होती. तो आकडा बोलला की लोक मान हलवायचे. ती आता एक तर खोटेपणाने टिकणार होती, नाहीतर खरेपणाने जाणार होती.

दहा दिवसांत त्याने सगळ्या वह्या पुन्हा वाचल्या. डोरीनच्या अक्षरातल्या फुल्या. त्या त्याने सांगितल्या म्हणून तिने मारल्या होत्या. "बॅजर नाहीत. ही पद्धत टिकत नाही." त्या पानावर तो पुष्कळ वेळ थांबला असावा. पानाचा कोपरा मऊ झाला आहे.

सप्टेंबरातली सभा कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या सभागृहात, माडीवर भरली. साठ-सत्तर माणसं. एरवी पंधरा येत. टेबलावर अंड्याचे सँडविच, लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि कॉफीचं मोठं भांडं. व्हर्नाने अहवाल पाठवायचा ठराव वाचला आणि आर्विडला आकडे सांगायला बोलावलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो उभा राहिला. नाक पुसलं.

"माझे आकडे पाठवू नका," तो म्हणाला. "ते चुकलेत."

मग त्याने कारण सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. सापळे मी एप्रिल-मेत मोजले. तेव्हा पिल्लं वर येतात, म्हणून सापळे वाईट दिसले. विष मी ऑगस्टमध्ये मोजलं. तेव्हा थोराड झोपायला जातात, म्हणून विष चांगलं दिसलं. काही न केलेलं कुरण ऑगस्टमध्ये मोजायला हवं होतं. ते मी मोजलं नाही. यंदा मोजलं. एकतीस.

कुणी तरी मागून विचारलं, "म्हणजे विष चालत नाही म्हणतोस?"

"मला माहीत नाही."

"मग सापळे चालतात?"

"तेही माहीत नाही. बावीस वर्षं मला वाटत होतं की माहीत आहे."

एकजण हसला. खुर्च्या सरकल्या. वेंडेल स्ट्रॉम उठला. तो आर्विडपेक्षा चार वर्षांनी मोठा होता आणि उठताना त्याला खुर्चीची पाठ धरावी लागे.

"बावीस उन्हाळे तू माझ्या कुरणात उभा राहिलास," वेंडेल म्हणाला. "माझ्या बायकोच्या हातची कॉफी प्यायलास. ऐंशी टक्के म्हणालास."

"म्हणालो."

"मी लोकांना सांगितलं. माझ्या नावावर सांगितलं."

"माहीत आहे मला."

"आता ही अक्कल तुला कुणी दिली? त्या कार्यालयातल्या पोरीने?"

"तिने रिकामा रकाना दाखवला. अक्कल मला आधीच यायला हवी होती."

"गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

आर्विडने पुन्हा नाक पुसलं. या वेळी लोक थांबले नाहीत, आपापसांत बोलू लागले. तो काय म्हणाला ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं. "पुढच्या वर्षीही मी फुल्याच मारत बसलो असतो."

अहवाल गेला नाही. विष बंद झालं. आर्विडच्या आकड्यांनी ती बंदी टळली असती का, कुणास ठाऊक. पण ब्रेनफील्डमध्ये बोलायचं झालं तर विष आर्विडने घालवलं. हिवाळ्यात ग्रामपालिकेने कीड-अधिकाऱ्याची जागा रद्द केली. व्हर्ना स्वतः सांगायला आली. येताना लोणच्याची बरणी आणली. दोघांनी पावसापाण्याबद्दल बोलून घेतलं.

पेट्रोलपंपावर लोक त्याला म्हणत, "आर्विड, तुझी माणसं काल माझा मसूर जेवून गेली." कुणी म्हणे, "एकतीस ना रे? नक्की मोजल्यास ना?" सुरुवातीला तो हसून घेई. नंतर तो पेट्रोल भरायला पलीकडच्या गावी जाऊ लागला.

पुढच्या मार्चमध्ये नर खारी बर्फातून वर आल्या आणि तो पुन्हा मोजायला लागला. पगार नव्हता. या वेळी चारही कुरणं एकाच आठवड्यात, महिन्यातून दोनदा, मार्च ते ऑक्टोबर करायचं ठरवलं होतं. वेंडेलच्या कुरणात जायची परवानगी नव्हती, म्हणून ते कुरण तो रस्त्यावरून मोजायचा. ओडेट दर महिन्याला त्याची वही टंकायची. कार्यालयाच्या वेळेनंतर, आपणहून. त्याने तिला एकदा विचारलं, एका वर्षाने काय सिद्ध होईल. ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, बरोबर.

सप्टेंबरच्या एकवीस तारखेला आर्विड गेला. क्लेमला तो पिकअपमध्ये सापडला, कुरणाच्या फाटकाशी. हृदय बंद पडलं होतं. त्या पंधरवड्याचे दोन आकडे लिहिलेले होते, दोन राहिले होते. दफनानंतरच्या जेवणाला लोक आले. जेवताना विष चालतं की नाही यावर वाद झाला आणि तो मिटला नाही.

त्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली. ती वेंडेलनेच नंतर ओडेटला सांगितली. कार्यालयात दुसऱ्याच कामाला आला होता आणि उभ्या उभ्या बोलला.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. वेंडेल गाडी घेऊन रस्त्याने चालला होता. आर्विडची पिकअप त्याच्या स्वतःच्या कुरणाशी उभी होती. अकरा महिने दोघं बोलले नव्हते. वेंडेलने गाडी थांबवली. का ते त्याला सांगता आलं नाही.

"किती?" त्याने खिडकीतून विचारलं.

"तेहेतीस."

"आणि मे महिन्यात?"

"एकशे एकेचाळीस."

वेंडेल उतरला. कुंपणाशी आला. आर्विडने दुर्बीण त्याच्या हातात दिली. वेंडेलने बराच वेळ पाहिलं. ओठ हलत होते. त्याचा आकडा तीस आला. मग त्याने दुर्बीण रस्त्यापलीकडे आपल्या कुरणाकडे वळवली. तिथे त्या वर्षी काहीच टाकलं नव्हतं. तिथेही तेवढ्याच होत्या, थोड्या इकडे, थोड्या तिकडे, सगळी पिल्लं.

"मग माझ्या कुरणात दर जुलैला मरत होतं कोण?" वेंडेलने विचारलं.

"जे जागे होते ते."

क्लेमची कुत्री मॉली वेंडेलच्या अंगणात येऊन बसायची. त्याच्या बायकोने तिला हाडं टाकलेली होती. हे त्याने त्या सकाळी आर्विडला सांगितलं नाही. ओडेटला सांगितलं.

"तरी मला त्या नकोत," तो आर्विडला एवढंच म्हणाला. "एकही नको."

"मलाही नकोत," आर्विड म्हणाला. "दुर्बीण दे. तिसऱ्यांदा मोजायचं राहिलंय."

वेंडेलने दुर्बीण दिली. तो गाडीत जाऊन बसला, पण आर्विडचं मोजून होईपर्यंत त्याने इंजिन सुरू केलं नाही. आवाजाने त्या आत गेल्या असत्या.